इल्दाच्या लग्नात मी जे म्हणालो

एश्त्रेमोझ,
रविवार, १८ मार्च २०१२

प्रिय इल्दा,

परवा आईचा फोन आला होता. तुझे पाय सुजतात, वास्को रोज संध्याकाळी तुला बादलीत मिठाचं कोमट पाणी करून देतो आणि तू वर त्याच्यावरच खेकसतेस, हे सगळं तिनं रंगवून सांगितलं. सहावा महिना म्हणजे आता बाळ चांगलंच लाथा मारत असेल. आई खूश आहे, आवाजावरून कळतं. फोन ठेवताना तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "तिकडे सगळे बरे ना?" तोमेचं नाव ती घेत नाही, पण 'सगळे' म्हणते. वर्षभर तिनं त्याला त्या एका शब्दात बसवून घेतलंय. मी म्हणालो, बरे आहेत, आणि तिच्या कोंबड्यांची चौकशी केली.

घराचं काम संपलं हे तुला कळवायचं राहूनच गेलं. तू पाहिलंस तेव्हा स्वयंपाकघरावर कौलं नव्हती, आठवतं? आता कौलं आहेत, खाली फरशी आहे, न्हाणीघरात गरम पाणी येतं. बाहेरून सगळं पांढरं आणि खाली निळा पट्टा, इथल्या रीतीप्रमाणे. पट्टा तोमेनं दोरी लावून ओढलाय, एका रेषेत. समोरच्या बाई मला म्हणाल्या, "तुमचं घर आता गल्लीत सगळ्यात देखणं दिसतं, बाकीच्यांना लाज वाटते." खरंच देखणं दिसतं, इल्दा.

पुढच्या रविवारी तोमेच्या आणि माझ्या लग्नाला वर्ष होईल. आपल्या घरातली तू एकटीच आली होतीस. स्वतःच्या लग्नाच्या पोशाखाचं कापड बघायला लिस्बनला जाते असं घरी सांगून निघालीस, आणि कापडाऐवजी इथून कपड्यांवर चुन्याचे डाग घेऊन परत गेलीस. नोंदणी कार्यालयाच्या दारात तोमेची म्हातारी गिऱ्हाइकं रांगेत उभी होती, हातात तांदूळ घेऊन. वीस वर्षं त्याच्याकडेच दाढी करणारे बाल्ताझार आजोबा मोठ्यानं ओरडले होते, "काय न्हावीबुवा, आज स्वतःची तरी नीट केलीस का?" त्या अधिकारी बाईंचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कापत होता. मग आपण सिमेंटच्या पोत्यांवर फळी टाकून जेवलो. तोमेनं दुकानातल्यासारखा तुझ्या गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधला आणि विचारलं, "बोला, बारीक करायचे की नुसती टोकं कापायची?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. जाताना बस सुटायच्या आधी तू खिडकीतून माझा हात धरून म्हणालीस, "लिनो, हा माणूस मला फार आवडला." मी ते वाक्य पुष्कळ दिवस जपून वापरलं. कंटाळा आला की काढायचं, ऐकायचं, परत ठेवायचं.

तोमेला घरकामातलं काही येत नव्हतं. कात्री आणि वस्तरा सोडून त्याच्या हातात दुसरं हत्यार कधी आलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल होती. त्यानं दोन सुट्ट्या घालवून तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला, आणि आठवड्यात सगळा गिलावा जमिनीवर. दुसऱ्यांदा केला, तोही आला. मग त्यानंच तुला फोन लावला. मला लाज वाटत होती, त्याला नाही. "इल्दा, तुझे वडील गवंडी आहेत, नाही का? मग मला एवढं विचारून दे." आणि तू खरंच विचारलंस. बाबांनी ओळखलं भिंत कुणाची ते, तुझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या न्हाव्याला सांग, जुन्या भिंतीला सिमेंट म्हणजे नाकातोंडावर उशी. तिला श्वास घेऊ दे. सगळं खरवडून काढ, चुना तीन आठवडे भिजव, तीन पातळ हात दे, घाई करू नको." तू हे सगळं शब्दाला शब्द तोमेला सांगितलंस. त्यानं ते पेन्सिलनं भिंतीवरच लिहून ठेवलं, 'नाकातोंडावर उशी' सकट. अंगणात चुन्याचं पिंप ठेवून रोज सकाळी दुकानात जायच्या आधी तो त्यात डोकावायचा, जणू आत काही शिजतंय.

मे महिन्यात तोमेच्या झुल्मिरा मावशीचं लग्न झालं. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीनं अडुसष्टाव्या वर्षी एका निवृत्त बस कंडक्टरशी लग्न ठरवलं आणि साक्षीदार म्हणून आम्हा दोघांना उभं केलं. एव्होराला तिच्या अंगणात नाच होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. मावशीनं भर लोकांत मला हाक मारली, "अरे, मी या वयात लाजत नाही, तुला काय धाड भरलीय? नाच की नवऱ्याबरोबर!" आम्ही नाचलो. कुणी म्हातारा म्हणाला, "न्हावीबुवा, पाय जपून टाका, त्याला उद्या दगडाच्या खाणीत कामाला जायचंय." लोक हसले आणि आपापल्या ताटाकडे वळले. एवढंच. इतकं सोपं होतं ते. घरी येताना तोमे म्हणाला, "आता इल्दाचं लग्न. त्यात मी तुझ्या आईबरोबर नाचणार. नाही म्हणाली तरी एकदा विचारणार."

जूनमध्ये तुझा फोन आला. तू रडत होतीस, म्हणून मी तुला काही बोललो नाही. आजही बोलणार नाही. बाबा म्हणत होते, तो आला तर मी चर्चमध्ये तुझा हात धरून चालणार नाही. तू म्हणालीस, "एका दिवसाचा प्रश्न आहे, लिनो. तू एकटा ये. तोमे समजून घेईल, तो समजूतदार आहे." मी ते तोमेला तसंच्या तसं सांगितलं. तो शिडीवर होता. तिथूनच म्हणाला, "जा तू. बहीण एकच आहे. माझं काय, मला तिसरा हात द्यायचाच आहे भिंतीला." जायच्या आदल्या दिवशी माझ्या शर्टाला इस्त्री त्यानंच केली. कॉलर मला जमत नाही.

आता पुढचं तुला माहीत नाही. आजवर मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

दोन बस बदलून मी तुमच्याकडे आलो. वाटेत, शेवटची बस सुटायला अर्धा तास होता. मी स्टँडवरच्या शौचालयात गेलो आणि अंगठी काढली. उन्हानं बोट सुजलं होतं, निघेना, म्हणून साबण लावून ओढली. शर्टाच्या खिशात टाकली, त्याच्याच इस्त्रीच्या शर्टाच्या. का काढली? तू एकट्यानं ये म्हणाली होतीस, अंगठी काढून ये असं तू म्हणाली नव्हतीस. बाबांनीही सांगितलं नव्हतं. मला कुणीच सांगितलं नव्हतं, इल्दा. गेले दोन महिने मी आठवून बघतोय, कुणीतरी सांगितल्याचं सापडतच नाही.

तुझ्या लग्नाच्या सकाळी बाबा मला द्राक्षमळ्याच्या बांधापर्यंत घेऊन गेले होते. वेलींकडे बघत त्यांनी विचारलं, "भिंत धरली का?" मी म्हणालो, धरली. "चुना किती दिवस भिजवला त्यानं?" मी म्हणालो, तुम्ही सांगितले तेवढे, एक दिवस कमी नाही. बाबांनी एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं, आंबट लागलं म्हणून थुंकलं, आणि म्हणाले, "मग धरेल. हात बरा दिसतोय त्याचा." बस्स. ते चर्चकडे चालायला लागले आणि मी मागून चाललो. अंगठी खिशात होती. तेवढ्यात घालता आली असती. पन्नास पावलांची वाट होती ती.

मग जेवण. सगळे नातेवाईक फ्रान्सहून, स्वित्झर्लंडहून आलेले. व्हिडिओवाला टेबलाटेबलावर फिरून शुभेच्छा गोळा करत होता. आमच्या टेबलावर ओर्तेन्सिया आत्या होती, नवी कवळी बसवून आलेली, आवाज तोच. कॅमेरा आमच्यावर आला आणि तिनं माझ्या पाठीत थाप मारली. "आता याचा नंबर! काय रे लिनो, लहान बहीण उजवली, तू कधी?" मी पेला उचलला आणि हसून म्हणालो, "मला कोण मुलगी देणार आत्या, सगळं आयुष्य दगडाच्या धुळीत." ती म्हणाली, "मग तिकडे एवढ्या लांब एकटाच राहतोस?" मी म्हणालो, "एकटाच."

टेबल हसलं. आत्यानं माझ्या ताटात बकरीच्या पिल्लाच्या मांसाचा मोठा तुकडा वाढला, एकट्या माणसाला खायला कोण घालतं म्हणून. मी तो खाल्ला. चवदार होता.

परत येताना स्टँडवर अंगठी घातली. तोमे दारातच होता, केसांत, भुवयांत चुना. तीन दिवसांत त्यानं भिंत पुरी करून वर पांढरा हातही दिला होता. मला बसवून सूप वाढलं आणि सगळं विचारलं: इल्दाच्या पोशाखाला बाह्या कशा होत्या, आई रडली का, बाबा नाचले का. मी सगळं सांगितलं. द्राक्षमळ्यातलं सांगितलं तेव्हा तो उठून भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर तळहात ठेवून उभा राहिला. "हात बरा आहे म्हणाले?" त्यानं दोनदा विचारलं. नंतर आठवडाभर दुकानात येईल त्याला सांगत होता, "माझे सासरे गवंडी आहेत. माझा हात बरा आहे म्हणतात."

ऑक्टोबरात तुझं पाकीट आलं, लग्नाच्या व्हिडिओचं. त्यावर तू लिहिलं होतंस, 'तोमेसाठी, त्याला येता आलं नाही म्हणून.' त्यात तुझी मायाच होती, टेबलाटेबलावरच्या शुभेच्छा तू नीट ऐकल्याही नसशील, आणि तुझ्यावर कसला दोष मी ठेवत नाही. रविवारी दुपारी झुल्मिरा मावशी आणि तिचा नवरा जेवायला आले होते. दालचिनी घातलेला गोड भात खात सगळे टीव्हीसमोर बसले. तोमे पुढे सरकून बसला होता, लहान मुलासारखा. "ती तुझी आई ना? बघ, मी म्हटलं नव्हतं, तुझं नाक तिचं आहे!" मी सांगायला हवं होतं, पुढे बघू नकोस. पण मला स्वतःला आठवतच नव्हतं, इल्दा. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. इतक्या सहज बोललो होतो मी ते, की ते माझ्या मनातून पार गेलं होतं. पडद्यावर आत्याचा चेहरा आला तेव्हा कुठे मला ते आठवलं.

पेला उचललेला हात अगदी जवळून दिसत होता. उन्हानं काळवंडलेला, आणि अंगठीच्या जागी पांढरा पट्टा. मग माझा आवाज. 'एकटाच.'

मावशीच घाईघाईनं म्हणाली, "पुढे सरकव रे ते, मला नवरीचा नाच बघायचाय." पण तोमेनं काही सरकवलं नाही. शेवटपर्यंत बघितलं, नावं येऊन पडदा निळा होईपर्यंत. मग म्हणाला, "इल्दा किती गोड दिसत होती," आणि सगळ्यांच्या वाट्या गोळा करून धुवायला गेला. मी मागे गेलो, म्हणालो, ते नुसतं आत्याचं तोंड बंद करायला होतं. तो वाटी पुसत म्हणाला, "हो, कळलं मला." मी मूर्खासारखं धरून चाललो की मिटलं.

नोव्हेंबरात बेनेदिता आणि नोएमियाचं लग्न झालं, माझ्या जुन्या शेजारणी, लिस्बनला. तोमे सगळ्यांबरोबर नाचला, तिथल्या स्वयंपाकिणीबरोबरसुद्धा, माझ्याबरोबर नाही. परतताना आम्ही कॉफीला थांबलो तेव्हा मी विचारलं, तू अजून रागावलायस का? त्यानं कपातली साखर ढवळली. मग म्हणाला, "तू गेलास याचं मला काही नाही, लिनो. मीच इस्त्री करून पाठवलं तुला. तिथे गप्प बसला असतास तरी चाललं असतं. विषय बदलला असतास, तरी चाललं असतं. पण ते म्हणताना तू जरासुद्धा अडखळला नाहीस. मी नीट बघितलं. जरा अडखळला असतास ना, तर मी त्यावर सगळा जन्म काढला असता."

त्यानंतर त्यानं घरकाम जोरात काढलं. न्हाणीघराचा नळ, जिन्याचा कठडा, खिडक्यांचा रंग, बाहेरचा निळा पट्टा. दुकान बंद केलं की आला आणि लागला कामाला. मी मनात म्हणायचो, ज्याला राहायचं नाही तो कशाला कठडा घासत बसेल? प्रत्येक पुरं झालेलं काम मी माझ्या बाजूनं मोजत होतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्यानं मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून केस कापले, मान साफ केली, कानामागचा साबण पुसला, नेहमीसारखा. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आम्ही सुक्या मेव्याचा केक खाल्ला. मग तो वर गेला आणि वस्तऱ्यांची पेटी आणि एक बॅग घेऊन खाली आला. म्हणाला, "वरच्या खिडकीचा रंग ओला आहे. दोन दिवस उघडू नकोस." मी विचारलं, कुठे चाललास? "मावशीकडे." परत कधी येशील, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अर्धं सोडून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो घर पुरं होईपर्यंत थांबला होता, एवढंच.

आता तो एव्होराला दुसऱ्याच्या दुकानात खुर्ची घेऊन काम करतो. इथलं दुकान बंद आहे. बाल्ताझार आजोबा खुरटी दाढी घेऊन फिरतात आणि मला रस्त्यात अडवून विचारतात, "मावशीची तब्येत अजून सुधारली नाही का रे?" मी म्हणतो, हळूहळू सुधारतेय. मावशी ठणठणीत आहे. माझे केस कॉलरवर आलेत.

फेब्रुवारीत मी एकदा गेलो होतो. दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. त्यानं काचेतून पाहिलं, गिऱ्हाइकाला थांबायला सांगून बाहेर आला, खांद्यावर टॉवेल तसाच. "जेवलास का?" म्हणाला. शेजारच्या खानावळीत त्यानं मला कोबीचं सूप घेऊन दिलं आणि समोर बसला. मी म्हणालो, मी बाबांना सांगतो, आत्याला फोन करून सांगतो, गावात जाऊन ओरडून सांगतो. तो म्हणाला, "राग असता तर उतरला असता रे. राग नाही. पण तो व्हिडिओ बघितल्यापासून मला एक सवय लागली. तू फोनवर बोललास, पाववाल्याशी बोललास, कुणाशीही, की मी कान देतो. आता काय म्हणेल? आम्ही म्हणेल की मी म्हणेल? आपल्याच घरात असं कान लावून बसणं मला जमत नाही. मी थकलो." मग त्यानं माझ्या वाटीतला उरलेला पाव उचलून खाल्ला, जसा घरी खायचा, आणि गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून निघून गेला.

हे सगळं तुला तोंडानं सांगायचं होतं, पण फोनवर माझा आवाज मला आवडत नाही आता. आणि आजच लिहायचं कारण असं. गुरुवारी तुझं पत्र आलं, वर तोमेचं नाव. तुझं अक्षर पाहून मी ते फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला कळतं, तरी फोडलं. बाप्तिस्म्याला बाळाचा धर्मपिता त्यानं व्हावं, पाद्र्याशी काय भांडायचं ते तू भांडशील, आणि ही सूचना बाबांची आहे, त्यांनी जेवताना स्वतःहून म्हटलं, 'त्या न्हाव्याला बोलवा, तो कामं पुरी करतो,' हे सगळं तू त्याला लिहिलंयस. इल्दा, मी ते पत्र तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं. आज सकाळी नव्या पाकिटात घालून, वर मावशीचा पत्ता घातला आणि पेटीत टाकून आलो. आत माझ्याकडून काही लिहिलं नाही, फक्त मी फोडलं होतं एवढं कबूल केलं. तो बहुतेक येईल. बाळाला नाही म्हणणारा माणूस नाही तो, आणि बाबांचं ते वाक्य वाचून तर नक्की येईल. तेव्हा तू त्याच्या येण्याजाण्याची सोय बघ, त्याला उंबरठ्यावर उभं ठेवू नका, आईला त्याच्याशी नाव घेऊन बोलायला सांग. बाप्तिस्म्याला मी येणार नाही. मी असलो की तो पुन्हा कान देत बसेल, आणि त्या दिवशी त्यानं निवांत असावं असं मला वाटतं. बाळाला मी नंतर कधीतरी येऊन बघीन. कुणी विचारलं की लिनो का आला नाही, तर खरं काय ते सांग. त्यांना सांग, लिनोचं लग्न झालं होतं, त्याच्या नवऱ्याचं नाव तोमे, आणि चूक लिनोची होती. आत्याला तर आधी सांग, आणि मोठ्यानं सांग, तिला हल्ली कमी ऐकू येतं.

पाय उंच ठेवून बस. वास्कोवर खेकसू नकोस.

तुझाच, आणि तुझ्याशी तरी यापुढे खरं बोलणारा,
लिनो